सारिया ते सांतियागो: पहिल्यांदा कामिनो चालणाऱ्यांसाठी

कामिनोबद्दल, म्हणजे स्पेनमधल्या सांतियागो शहरापर्यंतच्या पायी यात्रेबद्दल, मला फोन करणाऱ्यांतले निम्मे लोक पहिल्याच वाक्यात सांगतात की आमच्याकडे पाचच दिवस आहेत, स्पेनच्या ट्रिपमध्येच बसवायचंय. त्यांना माझं एकच सांगणं असतं, बार्सिलोनाचे दोन दिवस कमी करा आणि ते इकडे द्या. मी हा रस्ता दोनदा चाललोय, पहिल्यांदा मित्राबरोबर पाच दिवसांत आणि नंतर आईबरोबर सात दिवसांत, आई तेव्हा ६३ वर्षांची होती. पहिल्या वेळचं मला पायाचे फोड आणि पुढच्या गावात बेड मिळेल का ही काळजी एवढंच आठवतं, दुसऱ्या वेळचं मात्र गाव न् गाव आठवतं. तेव्हा खाली जे काही लिहिलंय ते सगळं दोन गोष्टींभोवती फिरतं, पाठीवर कमी घ्या आणि दिवस जास्त घ्या.

आधी थोडक्यात हे प्रकरण काय आहे ते. मराठी बायबलमधला जब्दीचा मुलगा याकोब, येशूच्या बारा शिष्यांपैकी एक, त्याला स्पॅनिशमध्ये सांतियागो म्हणतात. त्याची कबर स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात गालिसियात सापडली असं ९ व्या शतकात जाहीर झालं आणि तेव्हापासून युरोपभरातून लोक तिथे चालत यायला लागले. एक असा रस्ता नाहीये, पुष्कळ आहेत. सगळ्यात गाजलेला म्हणजे कामिनो फ्रान्सेस, फ्रान्सच्या हद्दीतल्या सां-ज्यां-पिए-द-पोर पासून जवळपास ७८० किलोमीटर, महिना ते पस्तीस दिवस लागतात. २०२४ साली सगळ्या रस्त्यांनी मिळून जवळपास ५ लाख लोकांनी पोचल्याचं प्रमाणपत्र घेतलं. आपल्याशी एक धागा आहे तो मला फार आवडतो: जुन्या गोव्यात ज्याचे अवशेष आहेत तो संत फ्रान्सिस झेवियर याच कामिनो फ्रान्सेसच्या वाटेवरच्या नवारा प्रांतातला, १५०६ चा जन्म. ३ डिसेंबरच्या फेस्तासाठी सिंधुदुर्ग, बेळगाव, कारवारकडून लोक चालत जुन्या गोव्याला जातात, त्यांच्यातल्या कुणाला कामिनो समजावून सांगायची गरजच पडत नाही.

कुठून सुरू करायचं

पहिल्यांदा जाताय तर सारिया, कामिनो फ्रान्सेसवरचंच गालिसियातलं गाव. सारिया ते सांतियागो साधारण ११५ किलोमीटर, आणि प्रमाणपत्रासाठी पायी किमान १०० किलोमीटर लागतात (सायकलने २००), म्हणून हे गाव इतकं लोकप्रिय. तोटा असा की गर्दीही इथूनच सुरू होते, शाळांची पोरं, मोठमोठे ग्रुप सगळे. त्यातले बरेच जण शनिवार-रविवारी निघतात, म्हणून तुम्ही मंगळवार-बुधवारी निघा, खरंच फरक पडतो. शांतता जास्त हवी असेल तर फेरोलहून येणारा इंग्लिश कामिनो आहे किंवा पोर्तुगालच्या सीमेवरच्या तुईहून येणारा, दोन्ही शंभराच्या थोडे वर. पण पहिल्या वेळी सारियाच बरं, कारण दर तीन-चार किलोमीटरला काहीतरी खायला-प्यायला मिळतं आणि अडलं तर टॅक्सी मिळते.

महिना: मे, जून, सप्टेंबर, किंवा ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. जुलै-ऑगस्टमध्ये फार गर्दी. हिवाळ्यात बरीच राहायची ठिकाणं बंद असतात. पाऊस गालिसियात कधीही येतो, अगदी आपल्या कोकणासारखा, फक्त गार. आणि २०२७ ला जायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, २५ जुलै हा सांतियागोचा सण ज्या वर्षी रविवारी येतो ते पवित्र वर्ष मानतात आणि २०२७ तसं आहे, सांतियागोच्या कॅथेड्रलचं एरवी बंद असणारं एक खास दार अशा वर्षी उघडतं. भाविकांसाठी ती मोठी पर्वणी, पण मग बुकिंग कितीतरी आधी करायला हवं.

व्हिसा

शेंगेन व्हिसा लागतो, स्पेनसाठी अर्ज करायचा. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो त्यामुळे लवकर हात घाला. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा. लोक घाबरतात की आम्ही रोज वेगळ्या गावात राहणार, मग बुकिंग काय दाखवायचं, तर सरळ तारीख-गाव-राहायचं ठिकाण असा तक्ता करा आणि कव्हर लेटरमध्ये स्वच्छ लिहा की आम्ही कामिनो चालणार आहोत. स्पेनवाल्यांना ते नवीन नाहीये. म्हणजे व्हिसासाठी सगळे मुक्काम आधी बुक करावे लागतात, आणि आई-वडील बरोबर असतील तर तसंही ते केलेलंच बरं.

तयारी, आणि सॅकमध्ये काय

दर रविवारी सिंहगड चढतो म्हणून हे सहज जमेल असं समजू नका. चढ हा प्रश्नच नाहीये, प्रश्न आहे तो रोज उठून परत चालायचा, त्याच पायांनी, आणि बराच रस्ता डांबरी किंवा कडक मातीचा असतो. म्हणून सराव करायचा तर शनिवारी १५ आणि लगेच रविवारी १५ किलोमीटर असा करा, तोच बूट घालून आणि तीच सॅक भरून. दोन महिने आधीपासून केलं तर उत्तम. नवीन बूट घेऊन थेट विमानात बसू नका, हे कितीही वेळा सांगितलं तरी कुणीतरी करतंच. बूट नेहमीपेक्षा अर्धा-एक नंबर मोठा घ्या, चालून चालून पाय सुजतात.

सॅकचं वजन तुमच्या वजनाच्या १० टक्के, पाण्यासकट. ६० किलोचा माणूस असेल तर ६ किलो. माझी यादी अशी आहे: अंगावरचे कपडे धरून चालायचे दोन जोड, संध्याकाळचा एक, मोजे तीन जोड (लोकरीच्या मिश्रणाचे, सुती नको, सुती ओले झाले की फोड आलाच), पातळ जॅकेट, सॅकसकट झाकेल असा पोंचो, फ्लोटर्स, पातळ स्लीपिंग बॅग किंवा शिवलेली चादर, लवकर वाळणारा टॉवेल, इअरप्लग, आणि सेफ्टी पिना. सेफ्टी पिना हव्यातच, न वाळलेले मोजे सॅकला मागे लावून चालता येतं. जीन्स नको. चालायच्या काठ्या केबिनमध्ये घेऊ देत नाहीत, त्या सारियातच विकत मिळतात.

खाऊ नेताना एक बघा, युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे तुपातले लाडू, पेढे, बर्फी घरीच. शेंगदाण्याची कोरडी चटणी, गुळाची चिक्की, मेतकूट चालतं. ती चटणी ब्रेडला लावून खाल्ली की कुठल्याही गावात जेवण होतं.

आणि सॅक उचलायचीच नसेल तर तीही सोय आहे. स्पेनचं पोस्ट खातं, कोरेओस, आणि इतरही काही जण मोजक्या युरोंत तुमची सॅक सकाळी इथून उचलून दुपारपर्यंत पुढच्या मुक्कामी पोचवतात. आईची सॅक रोज अशीच जायची आणि ती फक्त पाण्याची बाटली, पोंचो आणि शिक्क्यांचं पुस्तक (त्याबद्दल पुढे) घेऊन चालायची. यात काही कमीपणा नाही, आपल्या वारीतही दिंडीचं सामान ट्रकमधूनच जातं ना. फक्त एक, गालिसिया सरकारच्या आल्बेर्गेत, म्हणजे यात्रेकरूंच्या डॉरमिटरीत, अशी आधी पाठवलेली सॅक घेत नाहीत, खाजगीत घेतात.

सारियाला पोचल्यावर

माद्रिदहून ट्रेनने औरेन्सेमार्गे येता येतं, सारियाला स्वतःचं स्टेशन आहे. संध्याकाळी पोचून तिथेच राहा, लगेच चालायला लागू नका. पहिलं काम म्हणजे क्रेदेन्सियाल घेणं, म्हणजे यात्रेकरूचा पासपोर्ट, घडीचं पुठ्ठ्याचं पुस्तक, दोन-तीन युरोंत मिळतं. वर चढावर माग्दालेना मठ आहे तिथे मिळतं, चर्चमध्येही देतात. यात वाटेत शिक्के घ्यायचे. सारियापासून रोज किमान दोन शिक्के हवेत, एक मुक्कामाला आणि एक मध्ये कुठेतरी, कॅफेत, चर्चमध्ये, कुठेही. चर्चमध्ये घेतलात तर बरं, कारण त्या निमित्ताने आत पाऊल पडतं. पुस्तक झिपलॉक पिशवीत ठेवा, पावसात शिक्क्यांची शाई पसरते.

शिंपला पण तिथेच घ्या, सॅकला लटकवायला. सांतियागोच्या यात्रेकरूची ती शेकडो वर्षांची खूण आहे, आपल्याकडे गळ्यातल्या तुळशीच्या माळेवरून वारकरी ओळखावा तशी.

रस्ता कसा सापडतो

पिवळे बाण. ओ सेब्रेइरो गावचे धर्मगुरू एलियास वालिन्या यांनी १९८४ साली गाडीत पिवळा रंग टाकून स्वतः हे बाण रंगवायला घेतले, तेव्हा हा रस्ता जवळजवळ विसरला गेला होता. आज जे लाखो लोक चालतात ते त्या माणसाच्या बाणांवर चालतात. त्याशिवाय गालिसियात दगडी खुणेचे खांब आहेत, त्यावर शिंपला, बाण आणि सांतियागो किती किलोमीटर राहिलं ते लिहिलेलं असतं. रानात चुकायला होत नाही, चुकतं ते गावात, कारण तिथे बाण विजेच्या खांबावर, फुटपाथच्या कडेला, भिंतीच्या कोपऱ्यात असतात. दहा मिनिटं बाण दिसला नाही तर जिथे शेवटचा दिसला तिथपर्यंत मागे या. काही खांबांवर कोम्प्लेमेंतारियो असं लिहिलेलं असतं, तो पर्यायी रस्ता, बहुतेक वेळा लांबचा पण शांत.

मुक्काम

सहा दिवसांचं गणित असं: सारिया–पोर्तोमारिन २२, पोर्तोमारिन–पालास दे रेई २५, पालास–मेलिदे १५, मेलिदे–आर्सुआ १४, आर्सुआ–ओ पेद्रोउसो १९, पेद्रोउसो–सांतियागो २० किलोमीटर. पाच दिवसवाले पालास ते आर्सुआ हे २९ किलोमीटर एका दमात करतात आणि तिथेच पाय जातात. माझेही तिथेच गेले, आर्सुआत शिरताना टाचेला जमीन लागू देत नव्हतो. सात दिवस असतील तर पहिला मुक्काम फेर्रेइरोसला करा, १३ किलोमीटरवर.

पहिला दिवस सगळ्यात सुंदर. सारियातून बाहेर पडलं की जुना दगडी पूल, मग रेल्वेच्या कडेने थोडं, आणि मग ओक-चेस्टनटच्या झाडीतून चढ. दोन्ही बाजूंना शेवाळ आलेले दगडी बांध, गायी, शेणाचा वास, अंगणात ओर्रेओ, म्हणजे धान्य साठवायची दगडी खांबांवर उभी केलेली अरुंद कोठारं, उंदीर चढू नयेत म्हणून खांबाच्या डोक्यावर सपाट दगड बसवलेला. आई प्रत्येक ओर्रेओपाशी थांबायची. फेर्रेइरोसच्या आसपास १०० किलोमीटरचा खांब येतो, तिथे फोटोसाठी गर्दी असते, थांबा, घाई काय आहे.

पोर्तोमारिनमध्ये लोक थकून पोचतात, जेवतात आणि झोपतात, तसं करू नका. मिन्यो नदीवर बेलेसार धरण झालं १९६० च्या दशकात आणि जुनं गाव पाण्याखाली गेलं, नवीन गाव वर टेकडीवर वसवलं. गावातलं चर्च मात्र त्यांनी एक-एक दगड सुटा करून, त्यावर आकडे घालून वर आणलं आणि पुन्हा उभं केलं. संध्याकाळी उन्हं तिरपी झाली की भिंतीपाशी जाऊन बघा, काही दगडांवर ते आकडे अजून दिसतात. आईने एकावर बोट फिरवलं आणि म्हणाली, आपल्याकडे धरणात गेलेल्या देवळांना हे नशीब कुठे. पाणी खूप उतरलं की खाली जुन्या गावाचे अवशेषही दिसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघाल्या निघाल्या मोठा चढ आहे, पोट भरून निघा. जमत नसेल तर व्हेंतास दे नारोन किंवा लिगोंदेला थांबता येतं. मेलिदेच्या आधी फुरेलोसचा जुना पूल लागतो. मेलिदे पुल्पोसाठी म्हणजे ऑक्टोपससाठी प्रसिद्ध, उकडून कात्रीने कापतात, वर तिखटपूड, जाड मीठ, ऑलिव्ह ऑइल, लाकडी ताटलीत. मासे खाणाऱ्यांनी तरी सोडू नये. आर्सुआच्या तीन-एक किलोमीटर आधी रिबादिसो आहे, नदीकाठी यात्रेकरूंचं जुनं रुग्णालय होतं तिथे आता आल्बेर्गे आहे, बूट काढून पाय पाण्यात सोडा, मग पुढचा चढ चढा. आर्सुआचं मऊ चीज घ्या. तिथून पुढे उंच निलगिरीची झाडं सुरू होतात आणि पेद्रोउसोपर्यंत बरीचशी सावलीच असते.

राहणं

आल्बेर्गे म्हणजे यात्रेकरूंसाठीची डॉरमिटरी, बंक बेड, सामायिक बाथरूम. सरकारी १० युरोच्या आसपास, बुकिंग नाही, जो आधी येईल त्याला, दुपारी १ ला उघडतात, एकच रात्र राहता येतं. किचन असतं पण भांडी बहुतेक वेळा नसतात. खाजगी १५ ते २० युरो, आधी बुक होतात. पेन्सिओन म्हणजे छोटं लॉज, खोली मिळते, आईबरोबर मी एक दिवसाआड तेच घ्यायचो, झोप नीट झाली की दुसरा दिवस सोपा जातो.

डॉरमिटरीची शिस्त पाळा. रात्री १० ला दिवे बंद. सकाळी लवकर निघायचं असेल तर सॅक आदल्या रात्रीच भरून दाराशी ठेवा, पहाटे ५ ला प्लास्टिकच्या पिशव्या चुरचुरवणाऱ्या माणसावर अख्खी खोली चिडलेली असते. सॅक बेडवर ठेवू नका, ढेकूण असे पसरतात, आणि गादीच्या शिवणी मोबाईलच्या उजेडात एकदा बघून घ्या. एका ठिकाणी मला काळे ठिपके दिसले, मालकिणीला सांगितलं तर तिने उलट मलाच ऐकवलं, आम्ही सॅक उचलून दुसरीकडे गेलो. अशा वेळी भिडेखातर थांबू नका.

जेवण, पैसे, पाय

स्पेनच्या वेळा आधी अंगवळणी पाडा. दुपारचं जेवण दीड ते साडेतीन, मग स्वयंपाकघर बंद ते थेट रात्री आठला, दुकानंही मधले काही तास बंद, रविवारी बरीचशी बंदच. पेरेग्रिनो मेनू म्हणजे यात्रेकरूंचं ठरावीक जेवण, दोन डिश, गोड, ब्रेड आणि वाईन किंवा पाणी. शाकाहारींनी नुसतं 'सोय वेहेतारियानो' (बाईंनी 'वेहेतारियाना') म्हणून भागत नाही, 'सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन' असं तिन्ही सांगा, मांस नको, मासे नको, हॅम नको, कारण हॅमला बरेच जण मांसात धरतच नाहीत. काल्दो म्हणजे पालेभाजी-बटाट्याचं गरम सूप, बघून शाकाहारी वाटतं पण बहुतेक वेळा त्यात डुकराची चरबी असते, विचारा. हमखास चालणारं म्हणजे पाद्रोनच्या तळलेल्या हिरव्या मिरच्या वर जाड मीठ घालून, आणि अंडं खात असाल तर बटाट्याची तोर्तिया, सकाळी गरम मिळाली तर तिच्यासारखं काही नाही. गोडात तार्ता दे सांतियागो, बदामाचा केक, वर पिठीसाखरेत क्रॉस उमटवलेला, यातही अंडं असतंच.

मी दिवसाला माणशी ४५-५० युरो धरतो, आल्बेर्गे आणि साधं जेवण. थोडी कॅश जवळ हवीच, लहान गावात कार्ड चालेलच असं नाही. वाटेत पाण्याचे नळ असतात, 'नो पोताब्ले' लिहिलं असेल तर ते प्यायचं नाही.

पायांचं नीट ऐका. सकाळी बोटांच्या मध्ये आणि टाचेला व्हॅसलीन चोळा, दर दोन तासांनी बूट-मोजे काढून पाय दहा मिनिटं वाऱ्यावर ठेवा. कुठे गरम-गरम लागायला लागलं की तिथल्या तिथे थांबून टेप लावा, पुढच्या गावात लावू म्हणालात की फोड आला. फोडाची कातडी सोलू नका. हिरव्या क्रॉसचं दुकान म्हणजे औषधांचं, यात्रेकरूंचे पाय ते रोज बघतात, बोटाने दाखवलं तरी कळतं. आणीबाणीला ११२. एकट्या चालणाऱ्या मुलींनी स्पेनच्या पोलिसांचं अलर्टकॉप्स ॲप आधीच फोनवर घेऊन ठेवा.

आणि कुणी भेटलं की 'बुएन कामिनो' म्हणा. वारीत जसं ओळख-पाळख नसलेला माणूस 'माऊली' म्हणून रस्ता देतो, तसंच ते आहे. आईला स्पॅनिशमध्ये एवढे दोनच शब्द येत होते आणि तेवढ्यावर तिने सात दिवसांत कितीतरी माणसं जोडली.

शेवटचा दिवस

विमानतळाच्या कडेने लाव्हाकोला येतं, जुने यात्रेकरू इथल्या ओढ्यात आंघोळ करून मग शहरात जायचे. पुढे मोन्ते दो गोसो, आनंदाची टेकडी, इथून पहिल्यांदा कॅथेड्रलचे मनोरे दिसतात. शहरात शिरल्यावरचा तासभर रस्ता सिग्नल आणि इमारतींचा आहे, तो लांबतो, धीर धरा, मग जुनं शहर आणि एका कमानीखालून थेट ओब्रादोइरो चौक.

प्रमाणपत्राला कोम्पोस्तेला म्हणतात, मजकूर लॅटिनमध्ये, मिळतं ते रुआ दास कार्रेतासवरच्या यात्रेकरू कार्यालयात, फुकट. फोनवरून आधी नोंदणी करून जा म्हणजे रांगेत वेळ कमी जातो. ख्रिश्चन असायची अट नाही, धार्मिक किंवा आध्यात्मिक हेतूने चाललो असं सांगावं लागतं. हेतू निव्वळ फिरण्याचा असेल तर वेगळा दाखला देतात, तेव्हा जे खरं असेल ते सांगा.

कॅथेड्रलमध्ये सॅक नेता येत नाही, आधी मुक्कामी ठेवून या. बांधकाम १०७५ ला सुरू झालं, पश्चिमेचं कोरीव दार मास्टर मातेओचं, ११८८ चं. वेदीच्या मागून जिन्याने संताच्या पुतळ्यापर्यंत जाता येतं आणि खाली तळघरात चांदीची पेटी आहे. दुपारी १२ ची यात्रेकरूंची मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) गाठायची तर तास-दीड तास आधी जाऊन बसा. बोताफुमेइरो म्हणजे ५३ किलोचं धूपपात्र, आठ माणसं दोर ओढून ते झुलवतात, पण रोज नसतं, काही ठरावीक सणांना आणि कुणी खास देणगी दिली तर. ते दिसलं नाही म्हणून हिरमुसू नका, आम्हालाही दोन्ही वेळा नाही दिसलं.

परतीचं तिकीट पोचायच्या दिवसाचं काढू नका, एक रात्र हातात ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी घेऊन परत त्या चौकात जा, सॅक नाही, बूट नाहीत, फ्लोटर्समध्ये. दहा-साडेदहापासून लोक यायला लागतात, कुणी लंगडत, कुणी गात, कुणी येऊन नुसतंच दगडी फरशीवर आडवं होतं. आई तिथे दोन तास बसली होती, वाटेत भेटलेली जर्मन बाई कमानीखालून येताना दिसली तशी उठून थेट चौकाच्या मधोमध चालत गेली.